अध्यक्षपदाला अर्थ नसतो

४ जून
आजपासून मी निहिलिस्ट. कशालाच काही अर्थ नाही, हे नीट विचार करून ठरवलं आहे. आमच्या वाचक मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, महिनाअखेर पद सोडताहेत. या महिन्यात मंडळाने एका लिफ्टमनवरची कादंबरी वाचायला घेतली आहे; तिच्यावर जो सगळ्यांत चांगलं बोलेल, तो नवा अध्यक्ष. मंडळात सात जण. पैकी विचार करणारा मी एकटा. आमची ही पण सभासद आहे, पण ती चहासाठी येते. खुर्ची आपलीच.

५ जून
कादंबरी सुरू. इमारत बैठी, वर मजलाच नाही, आणि आत लिफ्ट! नायक रोज युनिफॉर्म घालून लिफ्टमध्ये उभा राहतो. दार लावतो, दार उघडतो. पान नऊवर तो बटणं पुसतो. बस्स, कळलं. शुद्ध निहिलिझम. पुढे तेच पाल्हाळ असणार. खूण म्हणून चष्मा पुसायचं फडकं ठेवलं.

८ जून
दुकानात तत्त्व आचरणात आणलं. एक बाई दोन फ्रेम लावून लावून बघत होत्या. कुठली शोभते, असं मलाच विचारलं. म्हटलं, बाई, शोभणं हा भ्रम आहे. त्या समोरच्या चष्मेवाल्याकडे गेल्या. जाऊ देत. संध्याकाळपर्यंत दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही. गिऱ्हाइकालाही तसा काही अर्थ नसतोच. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, दुकानाच्या मालकाला मात्र भाड्यात अर्थच लागतो, तोही रोख.

११ जून
पुस्तकात पान साठवर केसांची पिन! हिची! दुपारी वाचते म्हणे. वर मला सांगते, हा निहिलिझम नाही हो, हा ॲब्सर्डिझम. दोघांनाही ठाऊक असतं, की कशाला अर्थ नाही. निहिलिस्ट म्हणतो, मग करायचं कशाला? ॲब्सर्डिस्ट म्हणतो, नसेना का, चला करू. आणि उदाहरण काय दिलं, तर भांड्यांचं! उद्या पुन्हा खरकटी होणार म्हणून तुम्ही हात लावत नाही. मलाही ते माहीत आहे, तरी मी घासते, वर गाणंही म्हणते. मी म्हटलं, तुझं गाणं ऐकूनच माणूस निहिलिस्ट होतो.
उत्तर बिनतोड होतं. रात्री भांडी घासताना ही मुद्दाम मोठ्याने गायली.

१२ जून
संकल्प. रोज वीस पानं.

१३ जून
डोकं दुखतंय. माझा नंबर वाढला असणार. गावाचे डोळे मी तपासतो, माझे कोण तपासणार?

१६ जून
वाचन नाही. पण काळा कोट शिवायला टाकला. शिंपीणबाई मंडळातल्याच. कशासाठी कोट, म्हणाल्या. सांगितलं, कशालाच अर्थ नसतो यावर भाषण करायचंय. त्यांनी मान हलवली आणि खिसे किती ठेवू, असं विचारलं. तीन सांगितले. अध्यक्षाला लागतात.

१९ जून
पिन शेवटच्या पानावर. फडकं पान नऊवर.
याचं कारण आळस नव्हे. निहिलिस्टाने शेवट वाचायचा म्हणजे शेवटाला अर्थ आहे असं कबूल करायचं. मला ते जमणार नाही. हिने विचारलं, शेवट सांगू का? कानांवर हात ठेवले.
नंतर हेडमास्तरांचा फोन. बोलणारे दोघंच आहेत म्हणाले. एक मी. दुसरं कोण, विचारलं. तर ही! मला हसू आलं. थोड्या वेळाने यायचं थांबलं.

२० जून
हिला समजावलं. घरातल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध उभं राहणं बरं दिसत नाही, तेव्हा तू माघार घे. ती म्हणाली, दिसण्याला काही अर्थ असतो का? हे असं माझंच हत्यार माझ्यावर चालवते. माहेरी सगळे असेच आहेत.

२३ जून, रविवार
झालं भाषण! कोट झकास. दणकावून सांगितलं, की लिफ्टला अर्थ नाही, इमारतीला नाही, पुस्तकाला नाही, मंडळाला नाही, त्या खुर्चीलाही नाही! मध्येच हिने विचारलं, शेवटच्या प्रकरणात लिफ्टची वीज कायमची तोडतात, तरी दुसऱ्या दिवशी तो युनिफॉर्मला इस्त्री करून हजर होतो, ते का? मी म्हटलं, अशा प्रश्नांना अर्थ नाही. टाळ्या!
हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी. अकरा वर्षं त्या खुर्चीला चिकटून बसलो, आज डोळे उघडले, म्हणाले. आणि तिथल्या तिथे त्यांनी अध्यक्षपदच रद्द करायचा ठराव मांडला. माझ्या विचारांना मान देऊन! एकमताने पास. मीही हात वर केला. करतो काय?
मग ही उठली. मंडळाला अर्थ नाही हे पटलं, म्हणाली, तेव्हा पुढच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे या, चहा मी करते. हिला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या.
आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण कोटाची सगळ्यांनी स्तुती केली.

२६ जून
दुकानात लक्ष लागत नाही. नसलेल्या पदाचं दुःख करण्यात अर्थ नाही. करतोय.

३० जून, दुपार
मंडळ आमच्या घरी. मी बहिष्कार टाकून आतल्या खोलीत बसलो होतो. बाहेर हसणंच थांबेना, म्हणून पाणी प्यायला आलो. तेवढ्यात दातांचे डॉक्टर म्हणाले, अर्थ नसला म्हणून काय झालं, अध्यक्ष हवाच. सगळे हो हो म्हणाले. लगेच चिठ्ठ्या. उमेदवार पुन्हा आम्ही दोघंच.
मी कोट घालून आलो. चिठ्ठी मात्र तत्त्व म्हणून कोरी टाकली. हा पदाचा भुकेला, असं कोणी म्हणायला नको.
हिला पाच. मला एक. एक कोरी.
वाईट वाटलं. उगाच कशाला खोटं लिहू, फार वाईट वाटलं. पण एक मत! माझे विचार समजलेला निदान एक माणूस या मंडळात आहे. हेडमास्तरच असणार.

३० जून, संध्याकाळ
हेडमास्तरांना आभाराचा फोन केला. ते म्हणाले, मी वहिनींना मत दिलं, अभिनंदन. शिंपीणबाईंना केला. त्यांनी पण वहिनींनाच. डॉक्टरांचा नंबर फिरवत होतो, तर ही हात पुसत बाहेर आली. फोन करत बसू नका, म्हणाली. ते मत माझं होतं.
मी विचारलं, मी पडणार हे तुला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं, म्हणाली. मग दिलंस कशाला? तर म्हणाली, अहो, तुम्हाला किती हवं होतं ते मी बघत नव्हते का?
मला एकदम भरून आलं. मग तिने सहज विचारलं, तुम्ही कोणाला दिलंत?
बाहेरचा दिवा चालू राहिलाय, असं म्हणून मी उठलो. दिवा बंदच होता. तरी बराच वेळ तिथे उभा राहिलो.