काट्याला लावलेला हात

अमरावती,
ता. ३० नोव्हेंबर १९३८

चि. चंद्रभान यास मामाचे आशीर्वाद उपरी विशेष असे की,

रविवारच्या अमरावती-अकोला मोटारसायकल शर्यतीचा, अकोल्याला शेवटच्या रेषेवर तू नोंदलेल्या वेळांचा अहवाल शर्यत भरवणाऱ्या आपल्या मंडळात पोहोचला. टाइमकीपरच्या वर्गात लेखी परीक्षेत तू पहिला होतास. आता या अहवालावर परीक्षक म्हणून माझी सही झाली की परवाना तुझा, आणि अकोल्याला स्वतःचा पहिला टाइमकीपर मिळेल.

या शर्यतीत वेगाला मान नाही. ठरल्या मिनिटाला पोहोचणारा जिंकतो. उशिरा येणाऱ्याचे गुण जातात, तसे लवकर येणाऱ्याचेही. तुझ्या नोंदीप्रमाणे आपले जावई खुशालराव नेमके वेळेवर आले आणि वरूडचे ओमप्रकाश दोन मिनिटे उशिरा. विजेता तुझ्या बहिणीचा नवरा, तेव्हा लोक हा कागद भिंगातून पाहतील. घड्याळ शनिवारी तारऑफिसच्या वेळेशी जुळवल्याचे तू लिहिलेस. त्याखालचे 'नंतर काटे हलवले काय?' हे घर मात्र कोरे आहे. ते भरून कळव. १२ तारखेला दुपारी बारा वाजता निकाल कायम होईल.

तुझ्या आईस, वच्छलेस, सांग, मुलगा पास झाला तर पेढे तिने पाठवायचे, मी नव्हे.

तुझा मामा,
भगवंतराव


अकोला,
ता. २ डिसेंबर १९३८

ती. मामांचे चरणी चंद्रभानचा साष्टांग नमस्कार वि. वि.

ते घर घाईत राहिले. तेथे 'नाही' असे समजावे.

मोर्शीला कपाची मिरवणूक निघाली. भाऊजी कप मांडीवर घेऊन गावभर फिरले, आणि वरूडच्या बाजारात ओमप्रकाश भेटताच, तुमच्या संत्र्यांसारखे तुम्हीही सावकाशच पिकता, असे डिवचून आले. जमुनाताईचा सासरी मान वाढला आहे. सही लवकर व्हावी, एवढीच विनंती.

आपला आज्ञांकित,
चंद्रभान


अकोला,
ता. ५ डिसेंबर १९३८

भाऊले वच्छलाचा नमस्कार.

हे पत्र चंद्रभानले माहीत नाई. पोरगा दोन दिवसांपासून धड जेवून नाई राहिला. काहून म्हणून इचारलं तं रडला. शर्यतीच्या सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला, तवा त्याचं घड्याळ दोन मिनिटं मांगं दिसलं. सारं अकोला त्या भोंग्यावर उठते-बसते, म्हणून त्यानं काटा पुढं केला. आन परवा जिनातले नत्थुजी सांगत होते का सीझनात भोंगा दोन मिनिटं आगूदरच देतो, मजूर वेळेवर फाटकात यावं म्हणून. मंजे ओमप्रकाश बरोबर वेळेवर आला होता, आन आपला जावई दोन मिनिटं लवकर!

आता कप वापस मागतला तं जमुनानं सासरी तोंड कसं दाखवावं? पोराचा परवानाही जाईन. कोणाले काही माहीत नाई. तू डोये मिटून सही करून टाकजो. बहिणीचं एवढं आयकजो, आन माया कमी करू नको.

वच्छला


अमरावती,
ता. ७ डिसेंबर १९३८

चि. सौ. वच्छलेस आशीर्वाद.

पत्र वाचले आणि पेटीत कुलूपबंद केले. चंद्रभानने 'नाही समजावे' असे लिहिले होते. परीक्षकाला समजून घेता येत नाही. म्हणून अहवाल आज एक अक्षरही न लिहिता त्याला परत पाठवला आहे.

चूक त्याने स्वतः कळवली तर ती चूक. ती मंडळाला मला कळवावी लागली तर तो खोटेपणा, आणि मग त्याचे नाव कायमचे बाद. हा नियम वर्गात मीच शिकवतो. १२ तारखेच्या दुपारी बारापर्यंत मी थांबेन. मला माहीत आहे, हे तोवर त्याला कळू देऊ नकोस. हे पाच दिवस मला हव्या तितक्या शिव्या दे, पण त्याला पढवू नकोस. ओमप्रकाशलाही आई असेल.

रागावलीस तरी तुझाच भाऊ,
भगवंतराव


अकोला,
ता. १० डिसेंबर १९३८

ती. मामांस चंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

अहवाल सोबत आहे. त्या घरात लिहिले आहे: 'होय. रविवारी सकाळी, जिनाच्या भोंग्यावरून, दोन मिनिटे पुढे.' भोंगा सीझनात दोन मिनिटे आधी होतो, हे मला नंतर कळले. परंतु माझे 'नाही' तेव्हाही खोटेच होते. काट्याला हात लावू नये हे ठाऊक होते, म्हणूनच लपवले.

काल मोर्शीला गेलो. भाऊजी प्रथम अंगावर धावून आले. मग म्हणाले, 'मी वेळेच्याही आधी पोहोचलो होतो, हे तरी ठळक अक्षरात लिही.' जमुनाताईने कप पदराने पुसून हाती दिला आणि संक्रांतीला माहेरी येणार नाही म्हणाली. परतताना अमरावतीला कप मंडळाच्या कचेरीत ठेवला. आपल्या दारावरून गेलो. आत यायचे धैर्य झाले नाही.

परवाना मागण्याचा हक्क मला उरलेला नाही.

चंद्रभान


अमरावती,
ता. १२ डिसेंबर १९३८

चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

तुझे पाकीट आज अकरा वाजता पोहोचले. निकाल बदलला, कप ओमप्रकाशना गेला. मंडळाला द्यायचा माझाही एक कागद सकाळपासून टेबलावर होता. त्यात काय होते ते आईला विचार. तो मी फाडला.

परवाना यंदा नाही. अर्जावर 'बाद' न लिहिता 'पुन्हा परीक्षा' असा शेरा दिला आहे. जूनच्या वर्गाला ये. घड्याळ जुळवण्याचा पहिला धडा इतरांना तूच द्यायचा आहेस.

संक्रांतीला जमुनाकडे तिळगूळ घेऊन मी जातो. खुशालराव बसायला पाट देतात की दारातूनच वाटेला लावतात, ते पाहू. पास झालो तर कळवीन.

तुझा मामा,
भगवंतराव