शिवलेल्या पाकिटाची पावती

ती. मामांना नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

शाळेतल्या मुलांना वाद्ये आणि शिक्षक पुरवणाऱ्या आमच्या मंडळाचा मी खजिनदार, हे तुम्हाला माहीत आहेच (पगार नाही, कपाटाची किल्ली मात्र आहे). मागच्या सभेत मी नियम मांडला, की नाव नसलेली एक दमडीही वहीत चढणार नाही. सगळ्यांनी हात वर केले (घरी जायची घाई होती). आठव्याच दिवशी देणगीच्या पेटीत एक जाड पाकीट निघाले. आत वीस हजार, ना नाव, ना चिठ्ठी. व्हायोलिनच्या सरांचे चार महिन्यांचे थकलेले मानधनही नेमके तेवढेच. शनिवारपर्यंत ते मिळाले नाही, तर सर दुसरी शाळा धरणार आणि बावीस मुलांचा वर्ग बंद.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अरे बाळा, लिही की 'एक हितचिंतक'!" मी विचारले, "हितचिंतकाचा पत्ता?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मी फाटकावर सूचना लावली, की पाकीट ठेवणाऱ्याने नाव कळवावे. तीन दिवसांत पाच जण आले, आणि पाचही जणांना पाकीट परत हवे होते. त्यातल्या पाववाल्याला रक्कम विचारली, तर म्हणतो, "मोजलेत तुम्ही, मला काय विचारता?" शेवटी खुद्द सर आले, चष्मा पुसून सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले, "माझे पैसे कपाटात पडलेत आणि तुम्ही त्यांची ओळखपरेड घेताय?" मामा, मी नियमांची वही काढून पाहिली. नियम बदलायला सभा हवी, सभेला सात दिवस आधी सूचना हवी (हाही नियम माझाच), आणि आज गुरुवार आहे.

तुमचा भाचा

ता. क. पाकीट गोंदाने चिकटवलेले नव्हते, शिवलेले होते. बारीक, सरळ टीप आणि शेवटी दोन गाठी. तुम्ही शिवलेल्या माझ्या शाळेच्या पहिल्या चड्डीपासून या गाठी मी ओळखतो. सोबत पावती क्रमांक ४७ आहे, नावाची जागा कोरी ठेवली आहे. तिथे सही करून हे पत्र आणणाऱ्या ताईच्याच हाती परत पाठवा. मामींना कळणार नाही.

आणखी एक. पाकीट तुमचे नसले, तरीही सही करा.