चपलांची तोंडं

दादा,

तुला उठवून तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून छापखान्यात लवकर निघालेय. जेवण झाकून ठेवलंय.

काल मित्रांबरोबर फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या भुताटकीच्या खेळासाठी मी किनाऱ्यावरचं गाव रचलं आणि त्यात बाबांचं बुडणं घातलं, हे चुकलंच. धक्क्यावर समुद्राकडे तोंड केलेल्या चपला, असं मी माझ्या वहीतून वाचलं. फाशांवर फुंकर मारणारा तू पटकन म्हणालास, "छे, तोंडं घराकडे होती." "तुला काय ठाऊक?" मी फौजदारासारखी दरडावले. काय अभिनय म्हणून मित्रांनी टाळ्या पिटल्या. तू मात्र उठून गेलास.

दादा, बाबांच्या चपला कुणालाच सापडल्या नव्हत्या. त्या मी मनानं रचल्या होत्या. म्हणजे तू पाहिल्यास, उचलल्यास आणि वयाच्या आठव्या वर्षापासून एकट्यानं गिळून बसलास. गल्लीतल्या प्रत्येकाची बित्तंबातमी ठेवणारी मी भोचकभवानी, शेजारच्या खोलीतलं मला कळलं नाही.

लोक म्हणतात, बाबा जीव द्यायला गेले. अरे, जीव देणारा चपला वळवून ठेवतो का? ज्याला परत येऊन पायात सरकवायच्या असतात, तोच वळवतो.

ते पान फाडलंय. किल्ली मुद्दाम घरीच ठेवलीय. संध्याकाळी दार तूच उघड.

भोचक