वरच्या गावाचा क्रूस

प्रिय आई,

जेनोव्हाहून तुझ्या बाचिनचा नमस्कार. मी मजेत आहे. गोदीत काम भरपूर, जेवणही बरं; तुझ्या हातच्या पेस्तो चटणीची सर मात्र कशालाच नाही. आपली लंगडी शेळी चालायला लागली का?

आपलं गाव खालच्या गावाच्या नगरपालिकेत घातल्याचं कळलं. परवा तिथल्या महापौरालाच फोन लावला. म्हणतो, "आता गाव एक, सणाची मिरवणूकही एक. तुमचा मोठा क्रूस संग्रहालयात ठेवू. वारसा आहे तो."

मी म्हटलं, "मग हात न लावता, पोटाशी पेलून, तो चढणीवर नेणारा एक तरी माणूस तुमच्यात दाखवा."

सणाला मी येतोय. क्रूस आपल्याच चर्चमधून निघेल. गावाच्या नावाची पाटी त्यांनी काढली ना, तिथेच तो घेऊन उभा राहीन. गाव कुठे सुरू होतं, ते खालून दिसू दे सगळ्यांना.

क्रूसाचा बुंधा ज्यात टेकवतात, तो बाबांचा चामडी पट्टा तेल लावून ठेव.

डॉक्टर म्हणतात, कंबर जपा. तू काळजी करू नकोस. जपतोच आहे, त्या दिवसासाठी.

तुझा,
बाचिन