मेंदूतलं कडं

१२ ऑक्टोबर
हर्षालीला फिट आली! कॉलेजातून येऊन चहा पीत होती — कप सुटला, डोळे फिरले. पोर माझ्या मांडीवर लाकडासारखी ताठ. आत्ता हॉस्पिटलात झोपली आहे. हे बाहेर नामस्मरण करत बसलेत. माझ्या तोंडून देवाचं नावही निघत नाही.

१४ ऑक्टोबर
एमआरआय झाला. मेंदूत एक कडं दिसतंय — आत कृमीची अळी! डॉक्टर म्हणाले, जिवंत होती तोवर शरीराला तिचा पत्ताच नव्हता. आता ती मरतेय, म्हणून शरीराने तिला घेरलंय. त्या सुजेने फिट येते. औषधाने कडं आटेल, मागे बारीकसा खडा राहील, किंवा तोही नाही.

हा कृमी म्हणे डुकराच्या मांसातला. हे ताडकन उठले. "आम्ही माळकरी आहोत, डॉक्टर! घरात अंडंसुद्धा येत नाही."

"तिने खाल्लं असं नाही. ते मांस कच्चं राहिलेलं कोणी खाल्लं, तर त्याच्या पोटात कृमी वाढतो. कृमीची अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या जेवणात जातात. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा."

"आमची? कशाला!"

१७ ऑक्टोबर
विठाबाईला काढलं. हर्षाली शाळेत जायला लागली तेव्हापासून आमच्याकडे पोळ्या करत होती. "तिच्या घरी काय काय शिजतं कोणाला ठाऊक," हे म्हणाले. ती रडली नाही. "वहिनी, तपासा ना मला. मी नाय म्हनते का?" मी दार लावून घेतलं. पोरीपुढे मला दुसरं काही सुचत नाही.

३ नोव्हेंबर
पोळ्या मी करते. वातड होतात. हे वरणात बुडवून खातात.

२० जानेवारी
कडं आटलं! नुसता ठिपका उरलाय. गोळ्या अजून चालूच.

संध्याकाळी विठाबाई दारात. सरकारी दवाखान्यात स्वतःहून तपासून आली होती. "काय नाय निघालं, वहिनी. हर्षू बरी हे ना?" आणि गेली. आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

हर्षालीची तपासणी हॉस्पिटलातच झाली होती. मग राहिलो आम्ही दोघंच. उद्या मीच तपासून घेते, म्हटलं. हे जेवले नाहीत.

२१ जानेवारी
"तू नको जाऊ," हे म्हणाले. "मी जातो. ऑफिसच्या टूरवर ते मांस खायचो. बरीच वर्षं."

हर्षालीच्या गोळ्यांसाठी पाण्याचा तांब्या भरून तिच्याकडे निघाले होते. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.