अस्वलाशी बोलत राहा

अहो,

मी कामावर निघाले. तुमच्या सॅकमधली बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात भरली आहेत. डबा तंबूपासून लांब झाडाला टांगा. उशीखाली बिस्किटं ठेवायची सवय घरी ठीक आहे, जंगलात वासावर अस्वल येईल.

अस्वल दिसलं तर पळू नका, हळूहळू मागे सरका. तोंड फिरवून तरातरा निघून जाणं मी खपवून घेते, ते घेणार नाही.

आणि चालताना मोठ्याने बोलत राहा, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. तुमचे जुने बूट मी कचऱ्यात टाकल्यापासून चार दिवस तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोललेला नाहीत. जंगलात एकदम कसं जमेल? सराव हवा. निघण्याआधी मला फोन करा.

ओरडलात तरी चालेल.