माझा आकडा फक्त तुला ठाऊक होता

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ठेंगू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, जिना उतरताना कुरकुर करतात इतकंच. आई रोज विचारते, "ठेंगूचा फोन आला का?" मी सांगते, कामात असेल. कसलं काम, हे तिने अजून विचारलेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, आणि मीही नेऊ देते.

विणकामाच्या मशीनचं काय झालं, ते तुला नीट सांगायचं राहिलं. माझं जुनं मशीन अर्ध्या सुया वाकवून बसलंय आणि दुकानदाराला शाळेचे स्वेटर वेळेवर हवेत. म्हणून तू त्या ऑनलाइन लिलावाची लिंक पाठवलीस, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! "विक्रेता सज्जन आहे ताई, अभिप्राय वाच." वाचले. सगळे एकाच आठवड्यातले, आणि सगळ्यांनी 'अप्रतिम' हा शब्द एकसारखाच चुकवलेला. मनात म्हटलं, असतील एकाच शाळेतले.

मी विक्रेत्याला लिहिलं, मशीनवर चार ओळी विणून व्हिडिओ पाठवाल का? उत्तर आलं, "लोण्यासारखं पळतं, नाकाची शपथ." व्हिडिओ नाही. नाकाची शपथ घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटलाय. पण तेव्हा मी हसले आणि सोडून दिलं.

मग बोली सुरू झाली. मी थोडं वाढवलं की कुणीतरी लगेच थोडं वाढवायचं. जास्तीत जास्त किती देईन, ते मी फक्त तुला सांगितलं होतं, तू विचारलंस म्हणून. तो दुसरा बोलीवाला मला बरोबर त्या आकड्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे गप्प झाला. मशीन मला मिळालं. तू म्हणालास, "नशीबवान आहेस!"

विक्रेता म्हणाला, पैसे साइटवरून नको, थेट खात्यात टाका, कमिशन वाचेल. मी म्हटलं, येऊन बघते, चालवते, मग साइटवरूनच देते. तर म्हणे गावाला चाललोय. तूही म्हणालास, "इतका संशय बरा नव्हे ताई, टाकून मोकळी हो." मी टाकले नाहीत. थोड्या दिवसांनी तेच मशीन, तोच फोटो, पुन्हा लिलावात.

आता पुढचं तुला माहीत नाही. मी तुला फोन करून सांगितलं ना, की दुकानदाराने उचल दिलीय, या वेळी दुप्पट द्यायची तयारी आहे? खोटं होतं ते. उचल-बिचल काही नव्हती. तरी बोली लावत गेले. सारखं वाटत होतं, हा मागच्याच आकड्याला थांबू दे. नाही थांबला. बिनधास्त वर चढत गेला. मग मी मध्येच हात काढून घेतला आणि मशीन त्याच्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी साइटवर ओळ होती : 'खरेदीदार मागे हटल्याने पुन्हा विक्रीस.'

एरवी मला हसू आलं असतं.

फोटो इंटरनेटवर शोधून पाहिला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या जुन्या जाहिरातीतला निघाला. म्हणजे मशीन नव्हतंच.

त्याच विक्रेत्याबद्दल मध्यंतरी एका बाईने वाईट अभिप्राय लिहिला होता. मी तिला निरोप पाठवला, तिने फोन केला. शिवण शिकवते. तिने पैसे थेट खात्यात टाकले होते. खोक्यातून फरशीचे तुकडे निघाले. खातेदाराचं नाव तिने मला वाचून दाखवलं. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

"तुमचेही गेले का हो?" तिने विचारलं.

"नाही. मी वाचले."

तिला वाटलं, लाजेने खोटं बोलतेय. मग तीच मला समजावत बसली, की अहो, भल्याभल्यांना फसवतात हे लोक, जिवाला लावून घेऊ नका.

ठेंगू, माझ्याकडे पैसे मागायची लाज वाटली तुला, आणि मला लुबाडायची नाही वाटली? मी वस्तू बघून घेणारी आहे म्हणून सुटले. ती बाई साधी-सरळ निघाली, एवढाच तिचा गुन्हा.

काल तिच्याबरोबर जाऊन मी तक्रार दिली. पोलिसाने विचारलं, "पत्ता तुम्हाला कसा माहीत?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ आहे माझा." ती बाई उठली आणि तिने मला पाणी आणून दिलं.

दुकानदाराला मी स्वेटर जमणार नाहीत म्हणून कळवलंय. आईला काही बोललेले नाही. ते तुझ्या तोंडून तिला कळायला हवं.

पोलीस येतील. त्याआधी त्या बाईचे पैसे परत कर, आणि कुठे पळू नकोस. मी सोमवारी सकाळी तुझ्याकडे येते. एकटीच.

तुझ्या विरुद्ध सही केलेली, आणि तरीही तुझीच,
ताई